चौदा लाखांची गुंतवणूक आणि बायकोच्या पाटल्या



बॅचमध्ये मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारतो. "उद्या दुपारी चार वाजेपर्यंत, कोणापुढेही हात न पसरता, तुम्ही किती पैसे उभे करू शकता?"

खोलीत शांतता. मग कोणीतरी मोबाईल काढतं, ॲप उघडतं आणि म्हणतं, "सर, नऊ लाख ऐंशी हजार."

मी म्हणतो, "हा तुमच्या एकूण गुंतवणुकीचा आकडा झाला. मी उद्याचा विचारला होता."

पुन्हा शांतता. आणि खरं सांगू? त्या शांततेत एकेकाळी मीही बसलेलो आहे.

काही वर्षांपूर्वी माझा मिठाईच्या बॉक्सचा छोटा धंदा होता. दिवाळीआधी दोन महिने एका मोठ्या मिठाईवाल्याची ऑर्डर आली. बोर्डवाला म्हणाला, "तीन लाख ॲडव्हान्स टाका, माल उद्या गाडीत." मी बिनधास्त होतो. कारण माझ्या कॉम्प्युटरवर एक्सेलची शीट होती आणि तिच्यात खाली ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: एकूण गुंतवणूक १४,२०,००० रुपये.

त्या रात्री मी शीट उघडली आणि एकेक ओळ तपासायला घेतली.

बँकेतली एफडी, ४,००,०००. ही धंद्याच्या कॅश क्रेडिटला तारण होती. मोडता येत नव्हती.

पीपीएफ, ३,१०,०००. खातं उघडून चौथं वर्ष. पैसे काढता येत नाहीत. कर्ज मिळतं, पण शिल्लकेच्या एका लहान भागावरच.

करबचतीचा म्युच्युअल फंड, १,८०,०००. दरमहा ७,५०० प्रमाणे दोन वर्षं भरलेले. त्यातला प्रत्येक हप्ता तीन वर्षं अडकतो, म्हणजे एकही हप्ता मोकळा नव्हता.

वडिलांच्या आणि माझ्या नावावरची एफडी, २,५०,०००. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली.

विमा पॉलिसी, ७०,०००. हा मी आजवर भरलेल्या हप्त्यांचा आकडा लिहिला होता. पॉलिसी मोडली तर हातात त्याच्या निम्मेही येत नव्हते.

शेअर, १,६०,०००. हा खरेदीचा भाव. त्या दिवशीचा भाव १,१०,०००.

बचत खात्यात ५०,०००.

म्हणजे चौदा लाख वीस हजारांपैकी माझ्या हातात येण्यासारखे होते एक लाख साठ हजार, तेही शेअर तोट्यात विकून. तीन लाखांना एक लाख चाळीस हजार कमी पडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या पाटल्या घेऊन आम्ही दोघं बँकेत गेलो. ती काही बोलली नाही. रिक्षात फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, आपल्याकडे चौदा लाख आहेत."

मी खोटं बोललो नव्हतो. माझी शीट खोटं बोलत होती. खरं तर शीटही नाही. मी खाती ज्या पद्धतीने लावली होती, ती पद्धत खोटं बोलत होती.

ॲप तुम्हाला काय दाखवतं?

आज तुमच्याकडे माझ्यापेक्षा भारी साधनं आहेत. ॲपमध्ये पॅन टाकला, ओटीपी दिला, की शेअर, फंड सगळं एका स्क्रीनवर. रंगीत गोल चार्ट. इक्विटी इतके टक्के, डेट इतके टक्के.

ही मांडणी चुकीची नाही. ज्याला दर महिन्याच्या १ तारखेला पगार मिळतो, त्याच्यासाठी ती योग्यच आहे. त्याचा प्रश्न असतो, 'माझा पैसा कुठे वाढतोय?' पण तुमचं उत्पन्न असं ठरलेल्या तारखेला येत नाही. गिऱ्हाईक ४५ दिवस म्हणतं आणि ९० दिवसांनी देतं. तुमचा पहिला प्रश्न असायला हवा, 'माझा पैसा माझ्या हातात कधी येतो?' आणि हे ॲपला माहीत नसतं. ती एफडी बँकेने अडकवून ठेवली आहे, हे त्या चार्टमध्ये दिसत नाही. आईचं ऑपरेशन तर कुठल्याच सर्व्हरवर नोंदलेलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. छोट्या उद्योजकाने गुंतवणुकीची खाती शेअर, फंड, एफडी अशा प्रकारांनी लावू नयेत. 'हा पैसा कधी आणि काय सोसून मिळेल' या क्रमाने लावावीत.

कोणतं सॉफ्टवेअर?

मी ग्नूकॅश वापरतो. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि वही तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. हा शेवटचा मुद्दा हलका समजू नका. अमेरिकेत मिंट नावाचं फार लोकप्रिय ॲप होतं. २०२४ मध्ये ते बंद झालं आणि लोकांना वर्षानुवर्षांच्या नोंदी घेऊन दुसरं घर शोधावं लागलं.

ग्नूकॅशमध्ये दुहेरी नोंद पद्धत आहे. तुमच्या आजोबांच्या दुकानातल्या चोपडीत होती तीच, जमा आणि नावे. पैसा एका खात्यातून निघाला की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात गेलाच पाहिजे. खात्यांची नावं मराठीत टाईप करता येतात. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तरी हरकत नाही. खात्याखाली उपखातं काढता आलं, म्हणजे झालं.

पाच फांद्या

माझ्या वहीत 'मालमत्ता' या मुख्य खात्याखाली पाच फांद्या आहेत. नावं मुद्दाम साधी ठेवली आहेत, म्हणजे घरातल्या कोणीही वही उघडली तर कळावं.

१. उद्या. जे पैसे एक-दोन कामाच्या दिवसांत, पूर्णच्या पूर्ण हातात येतात. बचत खातं, लिक्विड फंड, घरातली रोकड. बस. दुसरं काही नाही.

२. मोडून. मिळतील, पण काहीतरी सोसून. तारण नसलेली एफडी इथे येते. मुदतीआधी मोडली तर बँका साधारणपणे व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात. शेअर आणि इक्विटी फंडही इथेच. आता शेअर विकले की पैसे दुसऱ्या कामाच्या दिवशी मिळतात, मान्य. पण ज्या दिवशी तुम्हाला गरज असेल, त्या दिवशी भाव वर असेलच असं नाही. मी ते सोसून पाहिलंय. पारंपरिक विमा पॉलिसीसुद्धा इथे, आणि भरलेल्या हप्त्यांच्या आकड्याने नाही, तर आज मोडली तर किती मिळतील त्या आकड्याने. तो आकडा विमा कंपनीला विचारला की सांगते.

३. कुलूप. पीपीएफ, एनपीएस, लॉक-इनमधले करबचतीचे फंड, पाच वर्षांची करबचत एफडी (ही मोडताही येत नाही आणि तारणही ठेवता येत नाही). आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कर्जाला तारण दिलेली एफडी. ती तुमच्या नावावर असते, व्याजही तुम्हालाच मिळतं, पण किल्ली बँकेकडे असते.

४. अमानत. जो पैसा तुमच्या खात्यात दिसतो पण तुमचा नाही, किंवा ज्याला हात लावायचा नाही असं तुम्ही ठरवलंय. आईच्या ऑपरेशनची एफडी. मुलीचं सुकन्या समृद्धी खातं. गिऱ्हाईकाकडून घेतलेला जीएसटी. प्रोप्रायटर मंडळी हा जीएसटी बचत खात्यात पडू देतात आणि २० तारीख आली की घाम फुटतो. त्याच्यासाठी वेगळं बँक खातं काढा आणि वहीत ते खातं इथे लावा. आणि बायकोचे दागिने. ते स्त्रीधन आहे, तुमची मालमत्ता नाही. मी त्यांची नोंद शून्य रुपयांनी ठेवतो. यादीत असावेत, बेरजेत नकोत.

५. धंद्यात. घरातून धंद्यात घातलेलं भांडवल. हे बहुतेक लोक कुठेच लिहीत नाहीत! टॅलीमध्ये ते कॅपिटल अकाउंटला जमा होतं, पण घरच्या वहीतून मात्र 'खर्च' म्हणून गायब होतं. ही तुमची सगळ्यात मोठी गुंतवणूक आहे, तिला नोंद हवी. पण वेगळ्या फांदीवर हवी, कारण अर्ध्या वापरलेल्या मशीनला आणि गोडाऊनमधल्या मालाला कोणी उद्या दुपारी चारपर्यंत गिऱ्हाईक आणून देत नाही.

मग बँकेचं नाव कुठे गेलं?

इथे एक जण हमखास विचारतो, "सर, असं केलं तर बँकेच्या स्टेटमेंटशी ताळमेळ कसा घालायचा?"

बरोबर प्रश्न आहे. म्हणून नियम लक्षात ठेवा. वरच्या फांद्या हेतूप्रमाणे, खालची पानं स्टेटमेंटप्रमाणे. म्हणजे ज्या-ज्या गोष्टीचं वेगळं स्टेटमेंट किंवा पावती येते, त्या प्रत्येकीचं वहीत एक वेगळं खातं. एकाच बँकेत तीन एफडी असतील, तर तीन खाती. दोन फोलिओ असतील, तर दोन खाती. सगळ्या एफडींचं मिळून 'एफडी' असं एक गाठोडं बांधू नका. गाठोडं बांधलं की कोणती तारणात आहे आणि कोणती मोकळी, हे पुन्हा झाकलं जातं. माझं तेच झालं होतं.

वरच्या पाच फांद्यांना ग्नूकॅशमध्ये 'प्लेसहोल्डर' अशी खूण करा. मग त्या खात्यात चुकूनही थेट नोंद होत नाही, फक्त खालच्या पानांची बेरीज दिसते.

पानांवर बँकेचं नाव लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला एका खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. अनेक छोट्या व्यापाऱ्यांचा रोजचा पैसा त्यात अडकला. त्यांच्या वहीत तो 'उद्या'चाच पैसा होता! म्हणून 'उद्या' फांदीखाली किमान दोन बँकांची नावं दिसायला हवीत. ठेवींचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत असतो. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थांना मात्र तो लागू नाही. पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून ठेव ठेवली असेल, तर निदान ती 'उद्या'मध्ये लिहू नका.

नोंदीतल्या तीन चुका

झाड कितीही छान लावलं, तरी नोंद चुकली की आकडा चुकतो. बॅचमध्ये मला हमखास दिसणाऱ्या तीन चुका सांगतो.

पहिली. एसआयपीचा हप्ता खर्चात टाकणं. पैसा बँकेतून गेला म्हणून तो खर्च होत नाही. तो बचत खात्यातून फंडाच्या खात्यात गेला, म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. टर्म इन्शुरन्सचा हप्ता मात्र खर्चच, कारण तो परत येणार नाही.

दुसरी. एफडी संपून तिचं नूतनीकरण झालं की पूर्ण रक्कम उत्पन्नात दाखवणं. उत्पन्न फक्त व्याज. आणि बँकेने टीडीएस कापला असेल, तर कापल्यानंतरची नाही, पूर्ण व्याजाची रक्कम उत्पन्नात लिहा आणि टीडीएस वेगळ्या खात्यात ठेवा. रिटर्न भरताना तो तुम्हाला वळता करून घ्यायचाय.

तिसरी. शेअर आणि फंड फक्त रुपयांत लिहिणं. ग्नूकॅशमध्ये शेअर आणि म्युच्युअल फंड असे खात्याचे वेगळे प्रकार आहेत. त्यात किती युनिट, कोणत्या भावाने, कोणत्या तारखेला घेतले, हे लिहिता येतं. तारीख का हवी? कारण शेअर एक वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर. एक वर्षानंतर विकला तर वर्षभरातल्या अशा एकूण नफ्यातले सव्वा लाख सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ पासून हे दर आहेत. पैशाची तातडी असताना कोणते शेअर विकायचे, हे ठरवायला ही माहिती समोर हवी.

कर्जही त्याच वहीत

माझ्या शीटमधली सगळ्यात मोठी चूक मी अजून सांगितलेली नाही. चार लाखांची एफडी घरच्या शीटमध्ये होती. तिच्यावर उचललेले तीन लाख चाळीस हजारांचे कॅश क्रेडिट टॅलीमध्ये होते. एका वहीत मालमत्ता, दुसऱ्या वहीत देणं. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही मिळून माझी फसवणूक!

प्रोप्रायटरच्या बाबतीत कायदा तुम्हाला आणि धंद्याला वेगळं मानत नाही. धंद्याचं देणं हे तुमचंच देणं. म्हणून धंद्याचा रोजचा हिशेब टॅलीमध्ये वेगळाच ठेवा, पण ज्या कर्जाला घरची एफडी, घर किंवा सोनं तारण आहे, ते घरच्या वहीत 'देणी' खाली दिसलंच पाहिजे. मग 'धंद्यात' फांदीचा आकडा लिहिताना ते कर्ज तिथून पुन्हा वजा करू नका, नाहीतर एकच देणं दोनदा मोजलं जाईल.

झाड हलतं राहू द्या

लॉक-इन संपला, कर्ज फिटलं, मुलीचं शिक्षण झालं, की पैशाची फांदी बदलते. ग्नूकॅशमध्ये खातं एडिट करून त्याचं मूळ खातं बदललं, की जुन्या सगळ्या नोंदींसकट ते खातं नवीन फांदीवर जातं. 'कुलूप'मधून 'मोडून'मध्ये, एका मिनिटाचं काम. मोडलेल्या एफडीचं खातं डिलीट करू नका. 'हिडन' अशी खूण करा. नजरेआड होतं, इतिहास राहतो.

प्रत्येक खात्याला टिपणाची जागा असते. तिथे तीन गोष्टी लिहा: मुदत कधी संपते, नॉमिनी कोण, पावती कुठे ठेवली आहे. पासवर्ड लिहू नका. बँकांमध्ये बेवारस पडलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेला २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल काढावं लागलं. आपल्या घरच्यांवर तिथे आपलं नाव शोधायची वेळ येऊ नये.

किती असावं 'उद्या'मध्ये?

याला एकच उत्तर नाही, पण माझं मत सांगतो. तीन महिन्यांचं भाडं, पगार, कर्जाचे हप्ते आणि घरखर्च, एवढं 'उद्या'मध्ये जमेपर्यंत नवीन काही 'कुलूप'मध्ये टाकू नका. करबचतीसाठी मार्चमध्ये घाईघाईने दीड लाख अडकवायचे आणि एप्रिलमध्ये महिन्याला दोन-तीन टक्क्यांनी पैसे उचलायचे, हा हिशेब मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. वाचलेला कर त्या व्याजात जातो.

"पण सर, बचत खात्यात पैसा सडतो." हो, व्याज कमी मिळतं. त्या कमी व्याजाच्या बदल्यात तुम्ही काय विकत घेता, ते बघा. रोखीत माल घेतला की मिळणारी सूट. वेळेवर पगार. आणि "माल उद्या गाडीत" असं कोणी म्हटलं की लगेच "हो" म्हणायची ताकद.

या रविवारी दोन तास काढा. सॉफ्टवेअर नंतर घ्या, आधी कागदावर पाच रकाने आखा आणि आपली प्रत्येक पावती, प्रत्येक फोलिओ त्यात टाका. घरच्यांना शेजारी बसवा. कारण कुठला पैसा अमानत आहे, हे बऱ्याचदा तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. मग पहिल्या रकान्याची बेरीज करा. आकडा लहान निघेल. निघू द्या. तो खरा आहे, आणि पुढच्या ऑर्डरला "हो" म्हणायचं की नाही, ते त्याच्याकडे बघूनच ठरवायचं आहे.

आणि हो, पाटल्या. पुढच्या फेब्रुवारीत मिठाईवाल्याचं पेमेंट आलं, तेव्हा सोडवून आणल्या. दिवाळी मात्र तिने त्यांच्याशिवाय काढली. त्यानंतर मी घरी कधीही 'आपल्याकडे एवढे आहेत' असा एक आकडा सांगितलेला नाही. आता पाच सांगतो.

तुमच्या पहिल्या रकान्यात किती निघाले, ते मला सांगू नका. घरी सांगा.